झहीरची ओव्हर

१५ ऑक्टोबर २०१५, गुरुवार. नवरात्राचे दिवस होते. नगरच्या केडगावातल्या रेणुकामातेच्या देवळाकडे जाणारा रस्ता संध्याकाळी माणसांनी फुलून गेला होता. दर्शन घेऊन आम्ही चौघे चपला शोधत होतो, तेवढ्यात एकाच्या मोबाइलवर बातमी आली, झहीर खानने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. बातमी तशी अचानक नव्हती. दीड वर्षाहून जास्त काळ तो भारताकडून खेळला नव्हता. तरी आम्ही नारळ-ओटीच्या दुकानांच्या कडेला तसेच उभे राहिलो, आणि मग घरी जायचं सोडून पुणे रस्त्यावरच्या टपरीवर जाऊन बसलो. त्या रात्री सुरू झालेलं बोलणं अजून संपलेलं नाही. चौघांतला एक शाळेत शिकवतो, एक एमआयडीसीत कामाला आहे, एकाचं कापडाचं दुकान आहे. भेटलो की दहा मिनिटांत कुणीतरी झहीरवर येतोच.

यात जिल्ह्याचा अभिमान आहे, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही. तारकपूरच्या स्टँडवरून श्रीरामपूरची एसटी धरली की राहुरीमार्गे साठ-सत्तर किलोमीटरवर त्याचं गाव. उसाचा आणि कालव्यांचा मुलूख. रेल्वेनं जाणाऱ्याला श्रीरामपूरला उतरायचं तर स्टेशनवर ‘बेलापूर’ नावाची पाटी दिसते, आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. या गावात ७ ऑक्टोबर १९७८ला तो जन्मला. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. मराठी शाळेत शिकलेला हा मुलगा रयत शिक्षण संस्थेच्या बोरावके कॉलेजच्या मैदानावर बॉल टाकायचा. तसं मैदान आमच्या जिल्ह्यात प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहे. डाव्या हातानं जोरात टाकणारी पोरंही प्रत्येक गावात एखाद-दुसरी असतातच. त्यातला एक जण वयाच्या सतराव्या वर्षी मुंबईला गेला आणि तिथं सुधीर नाईकांच्या नजरेला पडला. नाईक म्हणजे १९७०-७१चा रणजी करंडक मुंबईला जिंकून देणारे कर्णधार. त्यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबात झहीर घडला. मग चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, तिथं टी. ए. सेकर आणि डेनिस लिली. मुंबईच्या संघात जागा मिळेना म्हणून सेकरांच्या सल्ल्यानं तो बडोद्याकडून खेळायला लागला, आणि २००१मध्ये रेल्वेविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्यात शेवटच्या डावात पाच बळी घेऊन त्यानं बडोद्याला करंडक जिंकून दिला.

आम्ही मात्र त्याला पहिल्यांदा पाहिलं नैरोबीत, टीव्हीवर. ऑक्टोबर २०००. मॅच फिक्सिंगच्या प्रकरणानं क्रिकेटवरचं मन उडालेलं होतं. घरात मोठी माणसं म्हणत, कशाला बघता, सगळं ठरलेलं असतं. अशा वेळी गांगुलीच्या संघात दोन कोवळी पोरं आली, युवराज आणि झहीर. ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना ७ ऑक्टोबरला होता, झहीरच्या बाविसाव्या वाढदिवशी. युवराजनं ८४ काढल्या. आणि झहीरनं स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवला तो यॉर्करवर. वॉची बॅट खाली यायच्या आत बॉल आत शिरलेला. भारतीय गोलंदाजानं जगज्जेत्या कर्णधाराला वेगानं हरवावं, हे आम्हाला नवं होतं. श्रीनाथचा वेग आम्ही पाहिला होता, त्याच्यावर आमचं प्रेमही होतं. पण हा पोरगा आमच्या बोलीत बोलणाऱ्या गावातून आला होता. दोन महिन्यांनी जोधपूरला झिंबाब्वेच्या ओलोंगाला त्यानं डावाच्या शेवटच्या चार चेंडूंवर चार षटकार मारले, तेव्हा तर केडगावात फटाके वाजले.

पुढची दोन-अडीच वर्षं चढती होती. १३ जुलै २००२ला लॉर्ड्सवर नॅटवेस्ट मालिकेच्या अंतिम सामन्यात कैफच्या जोडीला शेवटी झहीरच उभा होता आणि विजयी धावा त्यानंच पळून काढल्या. गांगुलीनं शर्ट काढून फिरवला ते सगळ्यांना आठवतं. आमच्यातला दुकानदार मात्र दरवेळी आठवण करून देतो की पळत होता तो आपला झहीर.

मग २३ मार्च २००३. जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना. त्या स्पर्धेत त्यानं १८ बळी घेतले होते. पण अंतिम सामन्याची पहिलीच ओव्हर त्यानं टाकली आणि तीत पंधरा धावा गेल्या. बॉल ताब्यात नव्हता, डोकं गरम झालेलं होतं. सात ओव्हरमध्ये ६७ धावा, बळी एकही नाही. ऑस्ट्रेलिया २ बाद ३५९. पुढे कित्येक महिने गावात कुणी फार उत्साहात येऊन चुकलं की ‘झहीरची पहिली ओव्हर’ म्हणायची पद्धत पडली होती. मला ते तेव्हाही आवडलं नाही. चोवीस वर्षांच्या पोराच्या छातीत त्या दिवशी काय धडधडत असेल, याचा विचार आमच्यातल्या कुणीच केला नाही.

नंतर शरीरानं दगा द्यायला सुरुवात केली. डिसेंबर २००३मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या डावात पाच बळी घेतले, आणि पाठोपाठ मांडीचा स्नायू दुखावला. अ‍ॅडलेडला भारत जिंकला, तेव्हा तो संघात नव्हता. वर्षभरानं ढाक्यात अकराव्या क्रमांकावर येऊन त्यानं ७५ धावा केल्या, सचिनबरोबर १३३ची भागी. सचिनची ती नाबाद २४८ची खेळी. अकराव्या क्रमांकावरच्या फलंदाजाची तोपर्यंतची ती कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या होती. पण गोलंदाज म्हणून तो मागे पडत चालला होता. इरफान पठाण आला, श्रीशांत आला, रुद्रप्रताप आला, मुनाफ आला. २००५ संपता संपता झहीर संघाबाहेर होता. आमच्याकडे म्हणायला लागले, गेला, संपला, दोन वर्षांचाच खेळ होता.

या माणसावर आमचा जीव जडला तो इथून पुढे.

२००६च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडात वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. काउंटीचं क्रिकेट म्हणजे आठवड्यामागून आठवडे, गार वाऱ्यात, रिकाम्या स्टँडांसमोर, दिवसभर बॉल टाकत राहणं. कॅमेरे नाहीत, बातम्या नाहीत. आमच्याकडे पेपरात त्याच्या बळींची एखादी ओळ आतल्या पानावर कोपऱ्यात यायची, आणि मास्तर ती शोधून वाचून दाखवायचा. त्या एका मोसमात झहीरनं प्रथम श्रेणीचे ७८ बळी घेतले. एसेक्सविरुद्ध एका डावात नऊ. त्याहून मोठं काम त्यानं स्वतःवर केलं. रनअप आखूड केला, टाकतानाची उडी कमी केली, वेगातला थोडा हिस्सा सोडून दिला आणि त्या बदल्यात ताबा घेतला. तरण्या वयात ज्या वेगानं नाव झालं, तोच कमी करायचा निर्णय स्वतः घ्यायला केवढी छाती लागते! एमआयडीसीतला आमचा मित्र म्हणतो, मशीन जुनं झालं की लोक भंगारात काढतात, यानं आपलंच मशीन खोलून पुन्हा जोडलं.

जोडलेलं मशीन आम्ही २००७मध्ये पाहिलं. नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजवर तो फलंदाजीला आला तेव्हा खेळपट्टीवर जेली बीन्सच्या गोळ्या टाकलेल्या सापडल्या. इंग्लंडच्या खेळाडूंचा पोरखेळ. तो चिडला, पीटरसनकडे बॅट रोखून बोलला. चार वर्षांपूर्वीचा झहीर असता तर हा राग बॉलमध्ये घेऊन वाट्टेल तिकडे टाकत सुटला असता. या वेळी राग होता, पण बॉल जिथं पाहिजे तिथंच पडत होता. दुसऱ्या डावात ७५ धावांत पाच बळी, सामन्यात नऊ, सामनावीर. भारत सात गडी राखून जिंकला, आणि २१ वर्षांनी इंग्लंडात कसोटी मालिका आपण जिंकली. झहीरचे तीन सामन्यांत १८ बळी.

त्या दिवसांत आम्ही त्याची ओव्हर बघायला शिकलो, नुसते बळी मोजायला नाही. बॉल जुना झाला की धावत येताना तो उजव्या हाताच्या पंजानं डावा हात झाकायचा, म्हणजे चकाकीची बाजू कुठली ते फलंदाजाला कळू नये. डावऱ्या फलंदाजाला राउंड द विकेट यायचा. ग्रॅमी स्मिथसारखा डोंगराएवढा माणूस त्याच्यासमोर पाय कुठं टाकावा या विचारात पडायचा. तीन बॉल बाहेर न्यायचे, चौथा आत आणायचा. मिडऑफला किंवा मिडऑनला उभा राहून इशांतशी, श्रीशांतशी, प्रवीणकुमारशी प्रत्येक बॉलगणिक बोलायचा. गोलंदाजीतला आमचा सचिन, असं धोनी त्याच्याबद्दल म्हणाला होता. वीज गेली की आम्ही रेडिओ लावायचो, आणि तो कुठल्या बाजूनं टाकतोय, फिल्डिंग कशी लावलीय, यावरून पुढचा बॉल कसा येईल याची पैज लागायची. मी बहुतेक वेळा हरायचो.

२०११चा विश्वचषक लोकांना युवराजचा, धोनीच्या षटकाराचा, सचिनला खांद्यावर घेतल्याचा आठवतो. ते सगळं खरंच आहे. पण त्या स्पर्धेत झहीरचे बळी होते २१, आफ्रिदीच्या बरोबरीनं सगळ्यांत जास्त. बंगळुरूला इंग्लंडसमोर ३३९चं लक्ष्य होतं आणि २ बाद २८१ अशी त्यांची गाडी सुसाट निघालेली होती. दुकानदारानं टीव्ही बंद करायला रिमोट उचलला होता. झहीरनं आधी बेलला आणि पुढच्याच चेंडूवर १५८ धावा झालेल्या स्ट्रॉसला काढलं. मग कॉलिंगवूडचा त्रिफळा. सामना बरोबरीत सुटला. अहमदाबादला उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाच्या माइक हसीला त्यानं नकल बॉल टाकला. बोटांच्या पेरांत धरून सोडलेला, हात जोरात फिरतो आणि बॉल मात्र सावकाश येतो. हसीची बॅट आधीच फिरून गेली, बॉल मागून आरामात स्टंपवर.

आणि २ एप्रिल. वानखेडे. पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना आणि पहिली ओव्हर पुन्हा झहीरचीच. आम्ही चौघेही गप्प होतो, कारण २००३ कुणाच्याच डोक्यातून गेलं नव्हतं. पहिली ओव्हर निर्धाव. दुसरी निर्धाव. तिसरीही निर्धाव. थरंगाला वीस चेंडूंत दोन धावा काढता आल्या, आणि मग चौथ्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर स्लिपमध्ये सेहवागनं त्याचा झेल घेतला. त्याच्या पहिल्या पाच ओव्हरमध्ये सहा धावा. शेवटी शेवटी त्यालाही मार बसला, दहा ओव्हरचा हिशेब ६० धावा आणि दोन बळी असा झाला. पण आमच्यासाठी आठ वर्षांचं ओझं त्या पहिल्या तीन ओव्हरमध्येच उतरलं होतं. ती खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईकांनी. वानखेडेचे क्युरेटर तेच होते. हे आम्हाला बऱ्याच नंतर कळलं. २०२३च्या एप्रिलमध्ये नाईक गेले, तेव्हा मास्तरनं पहिल्यांदा हीच गोष्ट काढली.

२०११च्याच जुलैमध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्ध त्यानं कूक आणि स्ट्रॉसला काढलं होतं. १३.३ ओव्हर, १८ धावा, २ बळी. आणि चौदावी ओव्हर अर्धी टाकून तो मांडी धरून बाहेर गेला. ती मालिका भारत ०-४नं हरला. तो उभा राहिला असता तर काय झालं असतं, यावर आमचा वाद आजही होतो. माझं मत असं की मालिका वाचली नसती, पण इतकी लाजिरवाणी झाली नसती.

२०१२च्या अखेरीस कोलकात्याच्या कसोटीनंतर त्याला वगळलं. वय ३४. खांदा, घोटा, मांडी, सगळ्यांनी एकेकदा नाही म्हणून झालेलं. तरी २०१३मध्ये तो युवराजला बरोबर घेऊन फ्रान्समधल्या ब्रिव्ह इथं सहा आठवडे व्यायामाला गेला, बारीक होऊन आला, आणि डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गला पुन्हा कसोटी खेळला. त्याच शहरात, जिथं ती पहिली ओव्हर पडली होती. तिथं कॅलिसला पायचीत करून त्यानं कसोटीतला ३००वा बळी घेतला. कपिलदेवनंतर भारताच्या वेगवान गोलंदाजांत हा टप्पा गाठणारा तो पहिला. एकूण ९२ कसोटींत ३११, दोनशे एकदिवसीय सामन्यांत २८२. पद्मश्री २०२०मध्ये मिळाली.

शेवटची कसोटी वेलिंग्टनला, फेब्रुवारी २०१४. आम्ही पहाटे उठून बघायचो, अंगावर चादर घेऊन. न्यूझीलंडच्या दुसऱ्या डावात मॅकलमनं ३०२ धावा केल्या. सामना हातातून निसटत होता आणि पस्तिशीचा झहीर टाकतच होता. ओव्हर संपायची, तो मिडऑफला जाऊन गुडघ्यावर हात टेकून उभा राहायचा, आणि पुन्हा बॉल हातात. त्या डावात त्यानं ५१ ओव्हर टाकल्या, १७० धावा दिल्या, पाच बळी घेतले. ही शेवटची कसोटी आहे, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

आमच्यातला दुकानदार स्वतः डावरा. केडगावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत अजून खेळतो, गुडघ्याला पट्टा बांधून. धावत येताना उजव्या हाताचा पंजा आडवा धरून तो बॉल झाकतो. टेनिस बॉलला चकाकीची बाजूच नसते आणि तो रिव्हर्सही होत नाही, हे त्याला कितीदा तरी सांगून झालंय.