तांब्याची मूठ, लोखंडाचे पाते

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे आज केळना नदीकाठचे तालुक्याचे गाव. परंतु सातवाहनकाळी भोगवर्धन या नावाने ते इतके संपन्न होते, की तेथील रहिवाशांच्या दानाचे लेख सांची व भारहुत येथील स्तूपांच्या पाषाणांवर कोरलेले आढळतात. १९७३ च्या सुमारास या पुरातन नगरीचे उत्खनन करणाऱ्या विद्वानांपैकी डॉ. शां. भा. देव यांनी त्यापूर्वी, १९७० ते १९७२ या काळात, नागपूरनजीकच्या माहुरझरी येथील शिळावर्तुळे उकरली होती, आणि तेथे मृतांसोबत पुरलेल्या ऐवजात तांब्याच्या मुठीची लोखंडी कट्यार हाती आली होती.

संग्रहालयात शस्त्र पाहणाऱ्याची दृष्टी बहुधा पात्यावरच खिळते. वस्तुतः कारागिरीची साक्ष अशा कट्यारीची मूठ अधिक स्पष्टपणे देते. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर लोखंडास १,५३८ अंश लागतात. तेवढी उष्णता त्या काळच्या भट्टीत निर्माण होत नसल्यामुळे लोखंड सच्छिद्र गोळ्याच्या रूपाने निघे, व ते तापवून घणाखाली ठोकूनच त्यास आकार द्यावा लागे. तांबे मात्र रस करून साच्यात ओतता येई किंवा ठोकून त्याचा पत्राही काढता येई. तात्पर्य, एका कट्यारीसाठी लोहाराची आणि तांबटाची अशा दोन भिन्न विद्या एकत्र याव्या लागत.

धार व काठिण्य हा लोखंडाचा गुण, वर्ण व झळाळी हा तांब्याचा. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टीच सापडली असल्याने विदर्भात हा धातू स्थानिक पातळीवर तयार होत होता, याविषयी संदेह उरत नाही. तथापि नवा धातू आला म्हणून जुना बेदखल झाला नाही. माहुरझरीस घोड्यांचे अलंकारही तांब्याचेच मिळाले आहेत. ताम्रयुग संपले आणि लोहयुग लागले, ही क्रमिक पुस्तकातील सुबक विभागणी म्हणूनच जपून स्वीकारावी.

भोकरदनच्या परिसरात नांगराच्या फाळास एखादा गंजलेला तुकडा लागला, तर शेतकऱ्याने तो घासूनपुसून चकचकीत करू नये की भंगारात देऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस देणे बंधनकारक आहे; ती वेळीच द्यावी.