मुरूम, उतार आणि पाऊस

आमच्या काटेवाडीत विहीर खोदताना वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा कातळ लागतो. मला पूर्वी हे तीन वेगळे पदार्थ वाटत. खरे तर कातळ एकच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. हवापाण्याने तो कुजतो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. इथे जमीन सपाट, पाऊस बेताचा. त्यामुळे माती जागेवर राहते.

याच जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीत कातळ तोच, पण उतार उभा आणि पाऊस कित्येक पट. कुजलेला थर पाणी पिऊन जड होतो, कणांची पकड सुटते आणि खालच्या घट्ट खडकावरून तो घसरतो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण असेच गाडले गेले. सुमारे दीडशे माणसे गेली, बहुतेक आदिवासी. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीत ठाकर बांधवांची वस्ती गेली.

‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प बसणे मला जमत नाही. डोंगर पुष्कळदा आधी खुणा देतो: घरामागच्या उतारावर नवी भेग, कललेली झाडे, झऱ्याला अचानक गढूळ पाणी. डोंगराखालच्या वस्तीत आपली ओळख असेल तर पावसाळ्याआधी हे सांगून या. खूण दिसताच सामान आवरत बसू नये. मुलेबाळे, म्हातारी माणसे घेऊन ओढ्याची वाट टाळून उतारापासून बाजूला निघावे आणि तहसील कचेरीला कळवावे.