मोबाईलवरील खोटे मित्र व पालकांचे कर्तव्य

तथागत भगवान बुद्ध राजगृहाच्या वेळुवनात राहत असताना सिगाल नावाचा एक तरुण त्यांच्या दृष्टीस पडला. सकाळी ओल्या वस्त्रांनी तो सहा दिशांना हात जोडत होता, कारण मरतेवेळी वडिलांनी तसे सांगितले होते. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ समजावून दिला. आई-वडील ही पूर्व दिशा, आणि मुलाला अहितापासून दूर ठेवणे हे आई-वडिलांचे पहिले कर्तव्य. दीघ निकायातील हे सिगालोवाद सुत्त उपासक-उपासिकांना परिचित आहे. परंतु त्याच सुत्तात मित्राच्या रूपाने येणाऱ्या चार शत्रूंची ओळख करून दिली आहे, तिकडे आपले लक्ष कमी जाते. घरोघरी मुलांच्या हाती मोबाईल असताना तो भाग पालकांनी पुन्हा वाचावयास हवा.

२०२० साली कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून अनेक कुटुंबांनी, प्रसंगी उसनवारी करून, मुलांना स्मार्टफोन घेऊन दिला. पुढे शाळा उघडल्या, फोन मात्र मुलांकडेच राहिला. "आम्हाला त्यातलं काही कळत नाही, पोरालाच सगळं येतं," असे पुष्कळ आई-वडील म्हणतात. पोराला येते ते यंत्र. माणूस ओळखण्याचा अनुभव त्याच्यापाशी नसतो, तो पालकांपाशी असतो; आणि मोबाईलवरचा मोठा धोका माणसाचाच असतो.

सुत्तातील एक खोटा मित्र केवळ घेण्यासाठी येतो. "तुझी शिष्यवृत्ती मंजूर झाली, आलेला ओटीपी सांग," म्हणणारा तो हाच. दुसरा पोकळ शब्दांचा धनी, त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही. आणखी एक नाशाच्या वाटेवरचा सोबती, अवेळी भटकण्यात व जुगारात साथ देणारा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तरी रात्री बारानंतर मुलगा पांघरुणात काय खेळतो हे घरच्यांनीच पाहावे लागते.

सर्वांत घातक तो तोंडावर स्तुती करणारा. इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या खेळाच्या गप्पांत तो समवयस्क म्हणून ओळख करून घेतो; फोटो दुसऱ्याचाच असतो. आधी कौतुक, मग "घरच्यांना तुझी किंमत नाही", मग "हे आपल्या दोघांतच ठेव". विश्वास बसला की तो खाजगी फोटो मागतो, आणि फोटो मिळाला की पैशांसाठी किंवा आणखी फोटोंसाठी धमक्या सुरू होतात. यात मुलीच फसतात असे नव्हे, मुलगेही फसतात. "दोघांतच ठेव" हे वाक्य आले की समोरचा मित्र नव्हे, एवढे एक जरी मुलांच्या मनावर बिंबवले तरी पुष्कळ काम होईल.

अशा वेळी मूल घरी का सांगत नाही? मार बसेल, फोन जाईल, आणि मुलगी असेल तर शाळाच सुटेल, ही भीती त्याला गप्प बसवते. धमकावणाऱ्याचा सारा जोर या भीतीवर असतो. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षण मुलीचे बंद, हा न्याय बाबासाहेबांच्या अनुयायांच्या घरात तरी होता कामा नये. "काहीही झालं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही," हे मुलाला संकट येण्यापूर्वीच सांगून ठेवावे, आणि वेळ आल्यावर पाळावे. दुसरा भाग अवघड आहे, हे मान्य.

पैसे देऊ नयेत. संदेश पुसू नयेत. खात्याचे नाव व धमक्या यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. मुलाचा तो फोटो मात्र पुरावा म्हणून नातेवाइकांना वा गटावर पाठवू नये, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली तोही गुन्हा ठरतो. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८, आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. बदनामीच्या भयाने मागे राहणाऱ्यांनी २०१२ चा पोक्सो कायदा समजून घ्यावा. त्यात १८ वर्षांखालील मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात नसतो आणि मुलाची ओळख वृत्तपत्रांना उघड करता येत नाही. २०२३ पासून 'टेक इट डाऊन' ही विनामूल्य सोयही आहे. तीत फोटो फोनमध्येच राहतो, त्याचा केवळ अंकरूपी ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि त्यावरून त्या तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. व्हॉट्सॲपच्या बंदिस्त संदेशांत मात्र तिचा उपयोग नाही.

भीमजयंतीच्या चित्रफितीखाली मुलांना जातिवाचक शिव्या वाचाव्या लागतात, हाही धोकाच. उलट शिवी देण्याऐवजी तेही जपून ठेवावे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार करता येते.

२०२५ पासून भारतात इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालील मुलांची खाती आपोआप खाजगी ठेवण्यास सुरुवात केली, पण मुलाने जन्मसाल खोटे घातले असेल तर ते संरक्षण मिळत नाही. हे तपासणे, अनोळखी माणसाला व्हॉट्सॲप गटात ओढता येणार नाही अशी सोय करणे, ही कामे दहा मिनिटांची आहेत. रविवारी वंदनेनंतर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी विहारात तासभर बसून पालकांना एवढे करून द्यावे. मुलांनाही शेजारी बसवावे, म्हणजे काय बदलले व का, हे त्यांच्यासमोरच होईल.