कुत्रा सोफा का कुरतडतो?

मागच्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. गुरुजींच्या कडेवर पाच महिन्यांचे पांढरेशुभ्र पामेरियन पिलू होते आणि काकूंच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. (आपल्याकडे ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पण तो विषय वेगळा.) पिशवीतले लाकडाचे तुकडे माझ्या टेबलावर ओतत काकू म्हणाल्या, "डॉक्टर, सासूबाईंच्या वेळचा शिसवी दिवाण आहे. चारही पायांचं यानं भुसकट केलंय. मारून झालं, कोंडून झालं. मुलगा म्हणतो, रविवारी बाजाराच्या पलीकडे सोडून येतो." गुरुजी गप्प होते. पिलू मात्र मजेत माझ्या टेबलाची कड चाटून पाहत होते.

अशा तक्रारी घेऊन येणारे पुष्कळ असतात. कुणाची चप्पल, कुणाचा सोफा, कुणाच्या मुलाचे दप्तर. आणि बऱ्याच घरांत त्याचा शेवट "सोडून येतो" या शब्दांनी होतो. घरात वाढलेले पिलू रस्त्यावर फार दिवस टिकत नाही, म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा असे मला वाटते.

मी त्या पिलाचे तोंड उघडून दाखवले. पुढचे दात नवे आले होते, खालचा एक सुळा हलत होता, हिरड्या लाल झाल्या होत्या. कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, दुखतात. आपले बाळ दात येताना जे हाताला लागेल ते तोंडात घालते, तसेच हे. फरक इतकाच की बाळाला दिवाणाच्या पायापर्यंत पोचता येत नाही.

पण दात आल्यावरही काही कुत्री कुरतडतच राहतात, त्याचे कारण दुसरे असते. दिवसभर साखळीला बांधलेल्या किंवा बंद घरात एकट्या ठेवलेल्या तरुण कुत्र्याला दुसरा उद्योगच नसतो. "एवढासा तर आहे, याला कसलं फिरवायचं?" असे लहान जातीच्या कुत्र्याबद्दल लोक म्हणतात. हे चूक आहे. त्यालाही रोज सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे बाहेर हिंडायला, वास घ्यायला मिळाले पाहिजे. दमलेला कुत्रा सोफ्यापाशी झोपतो, सोफा खात नाही. तुम्ही बाहेर पडताच तो दाराची चौकट ओरबाडत असेल, सतत रडत असेल, घरात लघवी करत असेल, तर मात्र तो एकटेपणाला घाबरतो आहे. त्याला एकटे राहण्याची सवय दोन मिनिटे, पाच मिनिटे, दहा मिनिटे अशी हळूहळू लावावी लागते. तेवढ्याने भागले नाही तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

माती, भिंतीचा चुना असे काहीबाही खाणाऱ्या पिलाच्या पोटात जंत आहेत का, आहार पुरेसा आहे का, हे आधी पाहावे. नुसत्या दूध-चपातीवर पिलाचे पोषण होत नाही. मात्र "कॅल्शियम कमी आहे म्हणून चावतो" असे ठरवून मनानेच औषधाची बाटली आणू नये. संतुलित आहार घेणाऱ्या पिलाला वरचे कॅल्शियम लागत नाही. जास्तीचे कॅल्शियम वाढत्या हाडांना अपायही करू शकते.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एकाने सोफा फाडणारे पिलू आणले होते. मी जंताचे औषध दिले आणि पाठवून दिले. फाडलेला फोम गेला कुठे, हे विचारलेच नाही. तिसऱ्या दिवशी ते उलट्या करत परत आले. ऑपरेशन केले तेव्हा आतड्यात फोमचा तुकडा आणि रेक्झिनची पट्टी अडकलेली होती. पिलू वाचले नाही. तेव्हापासून कुरतडण्याची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो, तुकडे सगळे सापडले का?

फोम, मोजे, दोरा, मक्याचे कणीस, आंब्याची कोय या वस्तू लहान कुत्र्याच्या आतड्यात सहज अडकतात. वारंवार उलटी, खाणे बंद, शौच न होणे, पोट दुखत असल्यासारखे पाठ वाकवून उभे राहणे, यातले काही दिसले तर "उद्या बघू" म्हणू नये. फोम किंवा कापड एक्स-रेमध्ये नेहमी दिसत नाही, म्हणून काय गायब आहे ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये, ते स्वतःच घातक ठरू शकते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढूही नये. विजेच्या वायरी, डांबराच्या गोळ्या, डास मारण्याची औषधे, आपल्या डोकेदुखीच्या गोळ्या, चॉकलेट आणि बेदाणे त्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा जागी हवेत.

आता मारण्याविषयी. तुम्ही संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या चपलेबद्दल मारता, तेव्हा कुत्र्याला त्याचा संबंध लागत नाही. "पण तो अपराध्यासारखा बघतो ना!" असे सगळेच म्हणतात. अमेरिकेतील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासून पाहिले. ज्या कुत्र्याने काहीच केले नव्हते, तोही मालक रागावला की तसाच पाहत होता. म्हणजे तो चेहरा भीतीचा, कबुलीचा नव्हे. घाबरलेले पिलू आणखी कुरतडते, आणि एखादे उलटून चावतेही. पिलाचा दात खेळताना जरी लागून खरचटले, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन दवाखान्यात जावे. पिलाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढची बूस्टरची तारीख चुकवू नये.

फर्निचरला तिखट, फिनेल किंवा रॉकेल लावणारेही असतात. तिखट डोळ्यांत जाते, फिनेल आणि रॉकेल पोटात. असे प्रयोग करू नयेत. कुत्र्यांसाठीचा कडू स्प्रे बाजारात मिळतो. काहींवर तो चालतो, काही कुत्री मात्र तोही चाटून पुसून घेतात.

मग करायचे काय? चावणे बंद करता येत नाही, फक्त त्याची जागा बदलता येते. काकूंना मी सांगितले की जुन्या सुती पंचाला घट्ट गाठी मारा, भिजवून फ्रीजमध्ये गार करा आणि आपल्या देखत चघळायला द्या. धागे निघू लागले की टाकून द्या. थंड गाजरही चालते. विकतचे रबरी खेळणे घेतले तर ते गिळता येणार नाही एवढे मोठे असावे आणि त्यात अंगठ्याचे नख थोडे रुतले पाहिजे. त्याहून कडक वस्तूने दात तुटतात. शिजवलेली हाडे देऊ नयेत, त्यांच्या कपच्या टोचतात. जुनी चप्पलही नको, कारण जुनी कोणती आणि परवा घेतलेली कोणती, हे त्याला कसे कळणार?

दिवाणाला तोंड लावताना दिसला तर ओरडत मागे धावू नये, त्याला तो खेळ वाटतो. चपातीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा दाखवून बोलवावे, पंचा तोंडात द्यावा, आणि तो चघळू लागला की शाबासकी द्यावी. लक्ष ठेवणे शक्य नसेल तेव्हा फर्निचर नसलेल्या कोपऱ्यात पाणी, अंथरूण आणि खेळणे देऊन ठेवावे. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळला पाहिजे. आजोबा रागावतात आणि नातू चप्पल फेकून खेळतो, अशा घरात पिलाचा गोंधळ उडतो.

परवा गुरुजी आणि काकू पुन्हा आले होते. पिलू आता सहा महिन्यांचे झाले आहे. गुरुजी त्याला दोन्ही वेळा फिरवतात, त्यामुळे त्यांची स्वतःची साखरही आटोक्यात आली, असे काकूंचे म्हणणे. तोंड पाहिले तर वरचा नवा सुळा आला होता, पण शेजारी दुधाचा सुळाही तसाच उभा होता. लहान जातींत असे वारंवार होते. दोन्हींच्या मध्ये अन्न अडकून हिरडी बिघडते, म्हणून तो दात भूल देऊन काढावा लागतो. पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. निघताना मी विचारले, दिवाण सुताराकडे दिला का?

"अजून नाही," काकू म्हणाल्या. "याचे सगळे दात येऊ देत, मग देऊ."