थरथरत्या हातांना काम द्या



भाताची लावणी, नागलीची कापणी, तुरीची झोडपणी ही सारी हातांची कामे. म्हणून वडीलधाऱ्यांचे हात कापू लागले, बोटे जड झाली की घरात चिंता शिरते. कोणी म्हणते, दारूचा परिणाम. कोणी भगताकडे नेतो. कधी कधी तो कंपवात असतो. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी पडते; त्यामुळे हालचाल मंद व लहान होते आणि अक्षरही बारीक होत जाते. हा शाप नव्हे, आळस तर नव्हेच. पोप जॉन पॉल दुसरे यांनाही हाच आजार होता. तरी २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आपली सेवा सोडली नाही.

व्यायामाने आजार बरा होत नाही, पण बोटे आखडणे कमी होऊ शकते व रोजची कामे करणे सोपे जाते. औषधाचा गुण आलेला असताना, खुर्चीवर नीट बसून, मोठ्याने आकडे मोजत पुढील व्यायाम करावेत :

१. पंजा पूर्ण उघडून बोटे फाकवा, मग घट्ट मूठ वळा. दहा वेळा.

२. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. दर वेळी हात मोठा उघडा.

३. ओले फडके दोन्ही हातांनी पिळा.

४. वालाच्या किंवा तुरीच्या शेंगा सोला, दाणे एकेक करून वाटीत टाका.

५. रेघांच्या वहीत आपले नाव मोठ्या अक्षरांत लिहा.

जपमाळेचे मणी एकेक करून पुढे सरकवणे हाही बोटांना उत्तम सराव आहे. दुखू लागल्यास थांबावे.

रानातील खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असते, आणि या आजाराच्या गोळ्यांतही तेच औषध असते. म्हणून बियांची पूड मनाने घेऊ नका. मात्रा चुकली तर अपाय होतो. गोळ्याही आपल्या मनाने बंद करू नका. प्रथम सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात तपासून घ्या.

घरच्यांना एक विनंती. कापऱ्या हातात विळा देऊ नका, पण सदऱ्याचे बटण त्यांचे त्यांनाच लावू द्या, वेळ लागला तरी चालेल. काम काढून घेतले की माणूस खचतो. प्रभू येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला सर्वांसमोर मध्ये उभे केले होते. आपणही आपल्या आजारी माणसांना कोपऱ्यात बसवू नये.