शंभर वर्षांचा पाऊस

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पडला जेमतेम ७३ मिलिमीटर. दोन्ही ठिकाणांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. मुंबईत फक्त कुलाब्यालाच पर्जन्यमापक असता, तर तो दिवस दप्तरी साध्या पावसाळी दिवसांत जमा झाला असता आणि मिठी नदीनं एवढा हाहाकार कसा माजवला, हे कोडंच राहिलं असतं.

टोकाच्या घटना अभ्यासणाऱ्यांची पहिली अडचण ही. घटना दुर्मीळ, आणि घडते तिथं मोजायला कुणी असेलच असं नाही. दुसरी अडचण जास्त खोल आहे. सरासरी इथं काही कामाची नाही. जुलैचा सरासरी पाऊस कितीही बिनचूक काढा, जुलैतला सर्वांत वाईट दिवस किती वाईट असू शकेल हे त्यावरून कळत नाही. त्याचं गणित निराळं आहे, आणि त्याची एक महत्त्वाची वाट पावसातून नव्हे, सुतातून निघाली.

लिओनार्ड टिपेट ब्रिटनमधल्या कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होते. सूत ताणलं की ते जिथं सर्वांत कच्चं असेल तिथं तुटतं. बाकीचा धागा किती मजबूत आहे याला तेव्हा काही अर्थ नसतो. म्हणूनच लांब धागा आखूड धाग्यापेक्षा कमी ताण सोसतो. लांबी वाढली की त्यात एखादी फारच कच्ची जागा असण्याची शक्यताही वाढते. टिपेट आणि रोनाल्ड फिशर यांनी १९२८ मध्ये या टोकांचा नियम मांडला. खूप मोठ्या नमुन्यातली कमाल किंवा किमान किंमत एखाद्या ठरावीक आकाराकडे झुकत असेल, तर असे आकार तीनच. एकाला वर कायमची मर्यादा असते. दुसऱ्याचं शेपूट झपाट्यानं बारीक होत जातं. तिसऱ्याचं शेपूट जाड असतं, म्हणजे आजवरच्या विक्रमाच्या दुप्पट काहीतरी उद्या घडलं तरी त्याला ते नवल नाही. विमा कंपन्या आणि बँका या तिसऱ्याला घाबरून असतात. माणसाचं आयुष्य पहिल्यात बसतं की नाही, यावर अजून वाद चालू आहे. फ्रान्सच्या जान काल्माँ १९९७ मध्ये १२२ व्या वर्षी वारल्या. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

हे गणित नद्यांच्या पुरांवर आणून बसवलं एमिल गुंबेल यांनी. माणूस मोठा खमका. १९२२ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या राजकीय खुनांची मोजदाद छापली आणि उजव्या गटांच्या मारेकऱ्यांना न्यायालयं किती स्वस्तात सोडतात, हे आकड्यांनिशी दाखवलं. १९३२ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातली जागा गेली, मग फ्रान्स, मग अमेरिका. टोकांच्या संख्याशास्त्रावरचं त्यांचं पुस्तक १९५८ चं.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही भाषा याच हिशेबातली, आणि सर्वांत जास्त गैरसमज तिच्याचबद्दल. तिचा अर्थ इतकाच की असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का आहे. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदा तो सुट्टीवर जात नाही. तीस वर्षांच्या कर्जावर नदीकाठी घर घेतलं, तर हप्ते फिटेपर्यंत तो निदान एकदा दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते.

१९५३ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या रात्री उत्तर समुद्राचं पाणी नेदरलँड्सचे बांध फोडून आत शिरलं. तिथं अठराशेहून अधिक माणसं गेली. हूक व्हान हॉलंडला पाणी ३.८५ मीटरपर्यंत चढलं होतं. आता बांध चार मीटरचे करू, असं म्हणून डच थांबले नाहीत. डेव्हिड व्हान डँटझिग यांच्यासारखे गणितज्ञ कामाला लागले, बांधाचा खर्च आणि बुडण्याचं नुकसान समोरासमोर मांडलं गेलं आणि तिथला निकष ठरला पाच मीटर. एका वर्षात दहा हजारांत एक शक्यता असलेली पातळी ती.

आपल्याकडे पूर ओसरला की ‘विक्रमी पाऊस’ हे दोन शब्द निर्दोष सुटकेसारखे वापरले जातात. मला ते पटत नाही. मुंबईचे जुने नाले ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाचे. ती क्षमता दुप्पट करा, असं सांगणारा अहवाल १९९३ मध्येच आला होता, सांताक्रूझच्या त्या पावसाच्या बारा वर्षं आधी. ९४४ मिलिमीटरपुढं ताशी पन्नासची गटारंही अपुरी पडली असती, हे खरं. पण किती अपुरेपणा आपण पत्करतो आहोत, याचा आकडा आधी ठरवून जाहीर करणं वेगळं आणि पाणी गळ्याशी आल्यावर आभाळाकडे बोट दाखवणं वेगळं.

त्यात आता पायाच हलतो आहे. गुंबेल यांचं गणित काल आणि उद्या सारखेच धरून चालतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. म्हणून नव्या प्रारूपांत शक्यतांचा वक्रच काळाबरोबर सरकता ठेवतात. अशा हिशेबात शंभर वर्षांचा पाऊस किती, हे सांगताना तो कोणत्या सालचा, हेही सोबत लिहावं लागतं.