घर विकून भांडवल उभं करताय? आधी ही सहा ठिकाणं तपासा

समजा तुम्ही येलदरीचे. जिंतूरला दुकान टाकायचंय आणि भांडवलासाठी गावातलं घर विकायचं ठरवलंय. तुमच्या मनात 8 लाख आहेत, पण गिऱ्हाईक साडेपाचच्या वर जात नाही. का बरं?

एक सूत्र लक्षात ठेवा. घराचा भाव फक्त विटा-सिमेंटवर ठरत नाही, घेणारे किती आहेत त्यावर ठरतो. ज्या गोष्टीमुळे घेणारे पळतात, ती भाव पाडते.

1. कच्चे कागद. नमुना 8 हा ग्रामपंचायतीचा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. 100 रुपयांच्या बाँडवर घेतलेल्या घराचंही तसंच. स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही. कागद कच्चा म्हणजे बँकेचं कर्ज अवघड. मग उरतो फक्त रोख पैसेवाला, आणि तो दाबूनच मागतो. गावठाणातल्या घरांसाठी केंद्राने 2020 मध्ये स्वामित्व योजना सुरू केली. ड्रोन मोजणीनंतर मालमत्ता पत्रक मिळतं. आपल्या गावाचं झालंय का, ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा.

2. वारसांच्या सह्या. घर अजून आजोबांच्या नावावर आहे? आधी वारस नोंद करा. वडिलोपार्जित मालमत्तेत 2005 च्या दुरुस्तीपासून मुलींनाही मुलांइतकाच हक्क आहे. बहिणींना विचारलंच नाही, तर शहाणं गिऱ्हाईक विसार देणारच नाही.

3. जमिनीवरची अट. पूर्णेवरच्या येलदरी धरणासारख्या प्रकल्पांच्या परिसरात पुनर्वसनाचे प्लॉट असतात. कागदावर 'भोगवटादार वर्ग 2' किंवा हस्तांतरणाची अट असेल, तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आधी तहसीलमध्ये चौकशी, मग भावाची बोलणी.

4. भिंतीच्या भेगा. जुनी माणसं वस्ती पांढरीत करायची आणि पेरा काळीत. आता रस्त्याकडेला काळ्या मातीतच घरं उठतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया वरवरचा असेल तर भिंत तडकते. नुसता पुट्टी-रंग मारू नका, पुढच्या पावसाळ्यात भेग परत दिसते. आधी छताचं पाणी पायापासून लांब काढा, मग जाणत्या इंजिनिअरला दाखवा.

5. माळवद आणि ओल. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार, हे खरं. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड घरांखालीच खूप माणसं दबली. 2024 मध्ये शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातही धक्के बसले. त्यामुळे अशा घरात गिऱ्हाईक बऱ्याचदा फक्त जागेचा भाव धरतो. तुम्हीही तसाच हिशोब करा. पक्क्या घरात मात्र ओल आधी थांबवा. समजा दुरुस्तीला 25 हजार लागतात. गिऱ्हाईक 25 हजार कमी करत नाही, घाबरून लाखभर कमी करतो.

6. वाट, पाणी, सांडपाणी. दारापर्यंत गाडी येत नाही, भिंत सामाईक आहे, शोषखड्डा बोअरला चिकटून आहे. यातलं जे बदलता येतं ते बदला. सामाईक भिंतीबद्दल शेजाऱ्याशी लेखी करून घ्या.

आणि उलटी चूकही करू नका. विकायच्या आधी महागडी फरशी, पीओपी, झुंबर यात पैसे घालू नका. तुमच्या आवडीचे पैसे दुसरा देत नाही. दक्षिणमुखी दार बघून कुणी वास्तूचं कारण काढलं, तर दार फोडत बसू नका. दुसरं गिऱ्हाईक बघा.

दोष लपवायचा मोह होईल, पण गावात गोष्ट लपत नाही. उद्या त्याच माणसांमध्ये धंदा करायचाय. आज घर विकताना खोटं बोललात, तर उद्या दुकानात उधारी कोण ठेवेल, विश्वास कोण ठेवेल?

शेवटचं आणि महत्त्वाचं. घर विकणं हा पहिला नाही, शेवटचा मार्ग ठेवा. मुद्रा कर्जाला तारण लागत नाही. आधी तिथे अर्ज करून बघा. डोक्यावरचं छप्पर राहिलं, तर धंद्यात एक वर्ष वाईट गेलं तरी माणूस परत उभा राहतो.

आजचं काम एकच: घराचे सगळे कागद एका फाईलमध्ये लावा आणि काय कमी आहे त्याची यादी करा. भावाचं नंतर बोलू.